वेळ मोजणारी माणसं

धावपटूंच्या आयुष्याबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. घरची गरिबी, अनवाणी पाय, डोक्यावर हंडा, शाळेची लांबलचक वाट आणि शेवटी गळ्यात पदक. ही गोष्ट खोटी नसते, अर्धी असते. माण, आष्टी, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पाण्यासाठी पायपीट करणारी पोरं हजारोंनी आहेत. त्यांतली अगदी मोजकी परदेशच्या मैदानांवर पोहोचली. बाकीच्यांच्या वाट्याला उन्हाळा तोच होता, पायपीटही तीच होती. मग फरक कुठे पडला, हा आजचा विषय.

सुरुवात शंभर वर्षांमागून करू. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा त्या पाहत होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेली पोरं बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची, तीही अनवाणी. टाटांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरांच्या वेळा युरोपातल्या वेळांशी ताडून पाहिल्या. फरक वाटला होता तेवढा मोठा नव्हता. पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटा संघ गेला आणि त्यासाठी टाटांनी स्वतःच्या खिशातूनही पैसे घातले. त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पुरी करून ते एकोणिसावे आले. विजेता होता फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनन. त्याची वेळ २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंद. पहिल्याच ऑलिंपिकला निघालेल्या माणसासाठी हा निकाल मुळीच लाजिरवाणा नव्हता.

चौगुल्यांच्या पायांत बळ आधीपासून होतंच. ते आकड्यांत मोजणारं कुणीतरी त्या दिवशी मैदानावर हजर होतं, म्हणून त्यांना परदेशची बोट मिळाली.

आता नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याकडे वळू. हर्सूलजवळचा हा आदिवासी पाडा. इथली कविता राऊत लहानपणी अनवाणीच पळायची. नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली ती आली आणि पळण्याला वेळापत्रक मिळालं, स्पर्धा मिळाल्या. ऑक्टोबर २०१०मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ३३ मिनिटं ५.२८ सेकंदांची वेळ देऊन तिनं कांस्य जिंकलं. राष्ट्रकुलात धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिनं ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत रौप्य मिळवलं. सुवर्ण केरळच्या प्रीजा श्रीधरनचं. ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्या मारून दोघींमध्ये अंतर उरलं एका सेकंदाहूनही कमी! दीडेक महिन्यात सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ सुधारली, याचं श्रेय नुसत्या डोंगरवाटांना देऊन चालणार नाही.

साताऱ्याच्या माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर खो-खो खेळत मोठी झाली आणि मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांमध्ये अव्वल ठरली. रेल्वेच्या नोकरीनं पोटाची काळजी मिटवली होती. बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्या हाताखाली ती ४२ किलोमीटरवरून तीन हजार मीटरच्या अडथळा शर्यतीकडे, म्हणजे स्टीपलचेसकडे वळली. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत पोहोचली आणि तिथे दहावी आली. १९८४च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ही पहिली भारतीय महिला. मधे ३२ वर्षं गेली होती.

ही स्टीपलचेस जरा जवळून पाहायला हवी. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर. वरची लाकडी तुळई चांगली जाडजूड, पाय लागला तर अडथळा पडत नाही, माणूस पडतो. असे २८ अडथळे आणि शिवाय सात पाण्याच्या उड्या. पाण्याच्या अडथळ्यापलीकडे ३.६६ मीटरचा हौद असतो. अडथळ्यालगत खोल, पुढे उथळ होत गेलेला. धावपटू एक पाय तुळईवर रोवून अंग पुढे फेकतो, उथळ पाण्यात एका पायावर उतरतो आणि भिजलेल्या बुटानिशी पुन्हा वेग पकडतो. अडथळ्याआधीचं पाऊल वीतभर चुकलं तरी लय मोडते. दमलेल्या पायांनी हे शेवटच्या फेरीतही तितक्याच नेमकेपणानं करावं लागतं.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या मांडव्याचा अविनाश साबळे या शर्यतीसाठी जन्मला नव्हता. आईवडील शेती करायचे, वीटभट्टीवरही राबायचे. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला. धावण्याकडे तो वळला सैन्यात, क्रॉस कंट्रीतून. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला पाहिलं आणि स्टीपलचेसकडे वळवलं. २०१८मध्ये भुवनेश्वरला त्यानं गोपाल सैनींचा १९८१चा राष्ट्रीय विक्रम मोडला. ८:३०.८८ची वेळ ८:२९.८० झाली. मग तो स्वतःचेच विक्रम मोडत सुटला.

२०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात शर्यतीत तीन केनियन होते. १९९८पासून या शर्यतीतली तिन्ही पदकं दरवेळी केनियाच घेत आला होता. शेवटी केनियाचा अब्राहम किबिवोट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. पाच शतांश सेकंदानं सुवर्ण हुकलं, पण केनियाची मक्तेदारी मोडली. पुढे हांगझू आशियाई स्पर्धेत सुवर्ण आलं, २०२४मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१चा राष्ट्रीय विक्रम झाला आणि ऑलिंपिकची अंतिम फेरीही त्यानं गाठली. २०२५मध्ये मोनॅकोतल्या शर्यतीत गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली. या खेळात हेही हिशेबात धरावं लागतं.

चौघांच्या कथा शेजारी ठेवल्या की सूत्र दिसतं. जिमखाना, नाशिकचा प्रशिक्षक, रेल्वे, सैन्य. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी वेळ मोजली, कुणीतरी पोटाची सोय केली. दुष्काळानं यांना घडवलं असं म्हणणं सोपं, पण त्यात दुष्काळाची फुकट भलामण होते आणि आपली जबाबदारी टळते.

पहाटे कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर जा. डांबरी रस्त्याच्या कडेनं पोरं-पोरी पळताना दिसतील. त्यांच्या डोळ्यांसमोर ऑलिंपिक नसतं, पोलीस भरती असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. भरतीच्या मैदानावर या सगळ्यांच्या वेळा अधिकृतपणे नोंदल्या जातात. एवढी मोठी चाचणी क्रीडाखात्याला स्वतःच्या पैशानं कधी घेता येणार नाही. म्हणून इथे बसलेल्या शिक्षकांना, अकॅडमी चालवणाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना एवढीच विनंती: पुढच्या भरतीतल्या पहिल्या दहांची नावं आणि वेळा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे लेखी पाठवा, आणि महिन्याभरानं त्यांचं पुढे काय झालं ते विचारायला स्वतः जा.