इंग्रजीला पुन्हा बसायचं का?

(चाळीसगावातल्या एका वस्तीच्या अभ्यासिकेत, ऑक्टोबर महिन्यात, दहावी-बारावीच्या पोरापोरींपुढं केलेलं भाषण. बोलले तसं छापलं आहे.)

इथं बोलायला नेहमी पास झालेल्या माणसांना आणतात. त्यांना हार घालतात, मग ती आपल्याला सांगतात, मेहनत करा, मोठे व्हा. आज तुम्ही एका नापास पोरीला उभं केलंय. तेव्हा मी मोठं व्हायचं काही सांगणार नाही. नापास झाल्यावर काय करायचं, एवढंच बोलते.

मी बारावी आर्ट्स. बाकी सगळे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. फेब्रुवारीत 21 मार्क. जुलैच्या पुरवणी परीक्षेत 23. या वेगानं गेले तर 35 गाठायला आणखी तीन वर्षं लागतील! हसा. मी पण हसले होते, आणि मग रात्रभर रडले होते.

आता तिसऱ्यांदा फॉर्म भरायची वेळ आलीय. भरायचा का? महिनाभर मी हा प्रश्न घेऊन फिरतेय, आणि ज्याला त्याला सल्ला द्यायचाय. मामा म्हणाला, दोनदा झालं, आता स्थळं बघू. मैत्रीण म्हणाली, पार्लरचा कोर्स कर, तिथं कोणी इंग्रजी विचारत नाही. एक जण म्हणाला, मोबाईल सगळं भाषांतर करून देतो, कशाला डोकं फोडतेस? आणि चळवळीतला आमचा एक भाऊ म्हणाला, इंग्रजी ही साम्राज्यवाल्यांची भाषा, तिच्यात नापास झालीस तर त्यात लाज कसली, उलट अभिमान बाळग.

खरं सांगते, मला या भावाचंच पटत होतं. नापास झालेल्या माणसाला असं तत्त्वज्ञान फार गोड लागतं.

पण आधी बघा, आपण नापास कसे होतो. माझ्या घरात अहिराणी. शाळेत गेले तेव्हा पहिल्या दिवशी कळलं की मी बोलते ती भाषा अशुद्ध आहे. ‘आखो’ म्हटलं की बाई म्हणायच्या, ‘आणखी’ म्हण. म्हणजे पुस्तकातली मराठी हीच माझी पहिली परकी भाषा. तिच्याशी झुंजतेय तोवर दुसरी परकी भाषा अंगावर आली. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. कागदावर बारा वर्षं मी इंग्रजी शिकलेय. बारा वर्षांत एकही वाक्य मी माझ्या मनानं बोलले नव्हते. सर धडा मराठीत सांगायचे, प्रश्नांची उत्तरं गाईडमधून फळ्यावर लिहायचे, आम्ही उतरवायचो, पाठ करायचो. मी एक निबंध असा पाठ केला होता की मधला शब्द विसरला की पुन्हा पहिल्यापासून म्हणावा लागायचा. अर्थ? अर्थ कोणी विचारला नाही, मीही नाही.

मग पैसे भरून खासगी क्लास लावला. मायनं उचल घेऊन फी भरली. तिथं एकदा मला वाचायला उभं केलं. सुरीला इंग्रजीत जो शब्द आहे तो मी लिहिल्यासारखा वाचला, ‘क्नाइफ’. पुढचे बाक हसले. सर म्हणाले, पहिल्या अक्षराचा उच्चार करायचा नसतो. त्या दिवसापासून वर्गात मी पण त्या अक्षरासारखीच बसून राहिले. हजेरीत होते, आवाज नव्हता. दोन महिन्यांनी जायचं सोडलं. फी गेली.

आता जरा आपल्या गावाची गोष्ट काढते. तुम्ही म्हणाल, ही आम्हाला पाठ आहे. पाठ असलेल्या गोष्टींचं काय होतं ते मी आत्ताच सांगितलं. म्हणून पुन्हा ऐका.

ऑक्टोबर 1929. बाबासाहेब मुंबई सरकारनं नेमलेल्या कमिटीचे सभासद म्हणून खानदेशात आले होते. धुळे लाईनवरच्या एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनवर परत आले. आपली माणसं हार घेऊन उभी. वस्ती दोनेक मैलांवर, नदीपलीकडं. स्टेशनबाहेर टांगे उभे होते. पण बाबासाहेबांना तासभर ताटकळत ठेवलं. का, ते त्यांना कळेना. मग एक टांगा आला. थोडं अंतर गेला नाही तोच मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढं नदीवरच्या फरशीपाशी वळणावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आपटलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, टांगा आणि घोडा नदीत. बाबासाहेब बेशुद्ध. पायाचं हाड मोडलं.

नंतर त्यांना कळलं ते असं. एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. आणि बाबासाहेबांनी पायी यावं हे आपल्या लोकांना सहन होईना. मग तडजोड झाली. मालकानं टांगा भाड्यानं द्यायचा, पण हाकायचा नाही. हाकणारा तुमचा तुम्ही आणा. आपल्यात टांगा हाकणारा कोणी नव्हता, तो आपला धंदाच नव्हता. एकानं लगाम हातात घेतला, त्यात काय एवढं म्हणून.

हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात. आपण ही गोष्ट टांगेवाल्यांना शिव्या द्यायला सांगतो. द्याव्याच. पण बाबासाहेब तिथं थांबत नाहीत. ते आपल्या माणसांनाही सोडत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की माझी इज्जत राखायच्या नादात यांनी माझा जीव धोक्यात घातला. इज्जतीपेक्षा उतारूचा जीव मोठा, हे ते विसरले.

हे मी जुलैच्या निकालानंतर वाचलं, आणि मला माझा निकाल कळला.

आपल्या इंग्रजीचं हेच झालंय. व्यवस्थेनं टांगा दिला. पहिलीपासून पुस्तक दिलं, तास दिला, पेपर दिला. हाकायला शिकवणारा दिला नाही. आणि मी काय केलं? गाईड पाठ करून लगाम धरला, त्यात काय एवढं म्हणून. का? तर पास झालेली दिसावं म्हणून. इज्जतीसाठी. मग फरशीच्या वळणावर, म्हणजे न पाहिलेला उतारा समोर आला तिथं, घोडा उधळला.

म्हणून फॉर्म भरायचा का हा प्रश्नच अर्धा आहे. परीक्षेला पुन्हा बसणं वेगळं आणि शिकायला पुन्हा बसणं वेगळं. जुलैत मी नुसती परीक्षेला पुन्हा बसले. तोच टांगा, तीच अडाणी हाकणारी. मग दोन मार्क वाढले, यात नवल काय?

आता चळवळीतल्या भावाला उत्तर. इंग्रजी साहेबाची, मान्य. पण मराठीचा अभिमान बाळगा म्हणून व्यासपीठावरून ओरडणाऱ्यांची पोरं कुठं शिकतात ते बघून या. ज्यांच्याकडं दोन्ही आहे तेच आपल्याला सांगतात की एकात भागवा. सावित्रीमाईंनी 1854 साली ‘काव्यफुले’ छापलं, त्यात इंग्रजी शिका असं सांगणारी कविता आहे. त्या माउलीला साहेबाची चाकरी करायची नव्हती. तिला ठाऊक होतं की पेशवाईत बंद असलेलं एक दार या भाषेनं किलकिलं झालंय.

आणि भाषा नाकारणं म्हणजे काय, ते बाबासाहेबांना विचारा. शाळेत त्यांना संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्याच्या पोराला मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. मॅट्रिकला 750 पैकी 282 मार्क. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपण त्यांना जन्मापासून सूट-बुटात बघतो. कोलंबियात अर्थशास्त्राच्या ढिगाबरोबर त्यांनी जर्मन आणि फ्रेंचचे अगदी सुरुवातीचे वर्गही केले. पुढं 1921 साली जर्मनीत बॉनच्या विद्यापीठात नाव घातलं. बंद केलेलं संस्कृत पुढं स्वतः शिकले, पाली शिकले. आणि लंडनच्या विद्यापीठानं 1923 साली त्यांचा रुपयावरचा प्रबंध दुरुस्त करून पुन्हा सादर करा म्हणून सांगितलं. ते तेव्हा मुंबईत परतले, पैसे संपलेले. तिथून त्यांनी तो दुरुस्त करून पाठवला. त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. तो प्रबंध परत आला तेव्हा त्यांनी काय केलं असतं तर आपण आज इथं बसलो असतो का, एवढंच मनात आणा.

मोबाईलवाल्या मित्राला उत्तर. मोबाईल वापर, मी पण वापरते. पण घटनेचं कलम 348 बघ. वरच्या कोर्टांचा कारभार इंग्रजीत. 2006 साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. 2010 साली नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून जन्मठेप दिली, आणि ॲट्रॉसिटीचा कायदा लागू धरला नाही. का धरला नाही, याची कारणं इंग्रजीत लिहिलेली आहेत. आपण मोर्चे काढले. पण किती जणांनी तो निकाल स्वतः वाचला? मी नाही वाचला. मला येतच नव्हतं. कोणीतरी सांगितलं ते ऐकलं. आपल्या मरणाचा हिशोब दुसऱ्यानं वाचून दाखवायचा आणि आपण माना डोलवायच्या, हे किती दिवस? मोबाईल शब्द देईल. त्या शब्दात कुठं फसवलंय ते ओळखायला माणूसच लागतो.

पण मित्रांनो, खोटी आशाही नको. इंग्रजी आली म्हणजे जात जाईल असं कोणी सांगत असेल तर त्याला आपली नदी दाखवा. तिथं पडलेला माणूस बॅरिस्टर होता. त्याच्याएवढी इंग्रजी येणारं त्या दिवशी स्टेशनवर कोण होतं? तरी टांगेवाला स्वतःला त्यांच्यापेक्षा वरचा समजत होता. इंग्रजीनं इज्जत मिळत नाही. ती लढूनच घ्यावी लागते. इंग्रजी हवी ती लगाम हातात राहावा म्हणून. आपला टांगा आपल्याला हाकता यावा म्हणून.

आणि आणखी एक. ती गोष्ट बाबासाहेबांनी इंग्रजीत का लिहिली? चाळीसगावच्या माणसाला ती माहीतच होती. ज्यांना अस्पृश्यता कशाशी खातात हे ठाऊक नाही, अशा परक्यांना कळावी म्हणून लिहिली. 1990 साली ती पुस्तिका म्हणून छापली गेली, आणि आज न्यूयॉर्कला, ते शिकले त्या कोलंबियात, पोरं ती वाचतात. आपली वस्ती, आपली फरशी तिथवर पोचली. मराठी त्यांनी सोडली नव्हती. ‘मूकनायक’ 1920 चा, ‘बहिष्कृत भारत’ 1927 चा, दोन्ही मराठीत. घरच्यांशी बोलायची भाषा वेगळी, जगापुढं फिर्याद मांडायची भाषा वेगळी. आपल्याला दोन्ही पाहिजेत. आणि अहिराणी धरून तीन.

तर माझा निर्णय. फॉर्म भरलाय. पण त्याआधी मी पाचवीचं इंग्रजीचं पुस्तक काढलंय. पाचवीचं! बारावीची पोरगी पाचवीचं वाचते म्हणून ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं. रोज संध्याकाळी 7 ते 9, याच खोलीत, मोठ्यानं वाचायचं. चुकीचं का होईना, मोठ्यानं. गाईड आत आणायचं नाही. ज्याचं इंग्रजी राहिलंय त्यानं यावं. ज्याचं सुटलंय त्यानं आठवड्यातले दोन दिवस शिकवायला यावं, कारण त्या दिवशी स्टेशनवर हाकायला येणारा एक जरी आपला असता तरी पुढचं टळलं असतं. आणि चळवळीतल्या भावांना विनंती, येत्या 14 एप्रिलला एक बॅनर कमी लावा, त्या पैशात या खोलीला चार शब्दकोश घ्या.

मामाला मी सांगितलंय, स्थळं बघायची तर बघ, मी संध्याकाळी 7 ते 9 घरी नसते. तो चिडलाय. चिडू दे.

फेब्रुवारीत पुन्हा राहिले तर? राहू शकते. मग इथंच येऊन तुम्हाला मार्क सांगेन. लपवणार नाही.

माय सध्या कापूस वेचायला जाते. बोटं बोंडांनी फाटलेली असतात. माझा निकाल तिला वाचता येत नाही. जुलैत मी सांगितलं, माय, पुन्हा गेलं. तिनं विचारलं नाही किती मार्क. म्हणाली, ‘आखो एक डाव करी दख.’

‘आणखी’ नाही, ‘आखो’. बाईंनी खोडलेला माझा पहिला शब्द. त्याच शब्दावर मी पुन्हा बसतेय.

उद्या 7 वाजता या. जय भीम.