बायोला स्कोप आहे का?



बारावीचा निकाल लागला की आमच्यासारख्या शिक्षकांचे फोन वाजू लागतात. "मॅडम, मेडिकलला नंबर नाही लागला, आता बायोमध्ये बी.एस्सी. करते म्हणतेय. स्कोप आहे का हो त्याला?" करिअर मुलीचं असतं आणि विचारणारे वडील असतात. बारावीला या प्रश्नाला खरं उत्तर नसतंच. ते एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला थोडं थोडं दिसू लागतं. म्हणून आज त्या वर्षाला असलेल्या मुलामुलींशीच बोलते.

एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवू. पुण्याला गणेशखिंडीत विद्यापीठाच्या फाटकातून आत गेलात की प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे विभाग आहेत. जैवमाहितीशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाचं शिक्षणही तिथे मिळतं. आणि त्याच आवारात केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, आहे. त्याचा कारभार स्वतंत्र, पण तिथली मुलं पीएच.डी.ची नोंदणी विद्यापीठातच करतात.

एनसीसीएसची सुरुवात १९८६ साली झाली. तेव्हा काम ठरलं होतं ते देशभरच्या प्रयोगशाळांना प्राण्यांच्या आणि माणसाच्या पेशी पुरवण्याचं. आजही तिथे पेशींचं भांडार आहे. द्रव नायट्रोजनच्या टाक्यांत, उणे १९६ अंशांना, इवल्याशा कुप्यांमध्ये पेशी गोठवून ठेवलेल्या असतात. घरात विरजण राखून ठेवावं तसंच हे, फक्त राखणीचे नियम फार कडक. गोठवताना तापमान साधारण मिनिटाला एक अंश, इतकं सावकाश उतरवायचं. उलट पेशी जाग्या करताना ३७ अंशांच्या पाण्यात कुपी धरून झटपट वितळवायची. मग गुलाबी मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, घालून इनक्युबेटरमध्ये ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी मीडिया पिवळा आणि गढूळ दिसला की समजायचं, कल्चर कंटॅमिनेट झालं, जिवाणू शिरले. फेका सगळं.

इतक्या बारकाईने हे सांगण्याचं कारण असं. त्या कुपीवर जे नाव लिहिलंय त्याच पेशी आत आहेत की नाहीत, त्यांत मायकोप्लाझ्मा शिरलाय का, हे तपासणारं कुणीतरी लागतं. मायकोप्लाझ्मा वाढला तरी मीडिया गढूळ होत नाही, साध्या नजरेला काही कळत नाही, आणि वर्षभराचे प्रयोग पाण्यात जातात. हे तपासणारा माणूस प्राध्यापक नसतो. त्याच्या नावावर शोधनिबंधांची चळत नसते. पण त्याच्या हाताला जी सवय आहे तिला संस्थेत किंमत आहे आणि बाहेर, लसी आणि औषधं बनवणाऱ्या कंपन्यांत, त्याहून जास्त. आपल्याकडे विद्यार्थ्यांना करिअर म्हणून फक्त प्राध्यापकाची खुर्ची दाखवली जाते. त्या खुर्च्या मोजक्या, त्यातही विद्यापीठांतली भरती वर्षानुवर्षं रेंगाळते. पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाला ती मिळणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं बरं.

आता पैशाचं बोलू. रेडिओवर पैशाचं बोलायचा संकोच कशाला? सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, आणि कामाचा आढावा समाधानकारक झाला की पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. जैवतंत्रज्ञान विभागाची आणि आयसीएमआरची जेआरएफही वेगळी असते. एका परीक्षेवर सगळं बेतू नका. पण हे पैसे एक तारखेला खात्यात पडतील अशा भरवशावर राहू नका. कधी काही महिन्यांचे एकदम येतात. त्यामुळे खोलीचं भाडं आणि मेसचं बिल भागेल एवढी शिल्लक जवळ हवी. घरी पैसे पाठवायची जबाबदारी असेल तर ते गाइडला आधीच मोकळेपणाने सांगा.

आणखी एक दार आहे, तिकडे मुलं फारशी बघत नाहीत. एखाद्या संशोधकाला प्रकल्प मंजूर झाला की त्यावर प्रोजेक्ट असिस्टंट, प्रोजेक्ट असोसिएट अशा जागा निघतात. जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर येते, बऱ्याचदा थेट मुलाखत असते. नोकरी प्रकल्प संपेपर्यंतचीच, पण एम.एस्सी. झाल्यावर एक वर्ष तिथे काढलं तर तुम्हाला दोन गोष्टी समजतात. एक, पिपेट धरून अंगठा दुखेपर्यंत तेच काम तिसऱ्यांदा करायची तुमची तयारी आहे का. दुसरी, हा गाइड मुलांना कसं वागवतो. पीएच.डी.ला सहा वर्षांपर्यंत मुदत आहे. त्याआधी वर्षभराची ही ओळख स्वस्तात पडते. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवली तर २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएच.डी.ला जाता येतं, हेही खरं. पण बाविसाव्या वर्षी इतकी घाई कशासाठी, असं मला वाटतं.

पीएच.डी. नंतर? परदेशात पोस्टडॉक ही ठरलेली वाट आहे आणि ती चांगली आहे. परतीची सोय मात्र जाण्याआधीच माहीत असावी. परदेशातून येणाऱ्यांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे. इन्स्पायर फॅकल्टी ही दुसरी: वय २७ ते ३२, पाच वर्षं, महिना सव्वा लाख रुपये आणि संशोधनाला वर्षाला सात लाख. एवढ्यात स्वतःची छोटी लॅब उभी राहू शकते. कायमची जागा मात्र त्यानंतरही शोधावी लागते. मुलींना वेगळं सांगते. लग्न, बाळंतपण यात दोन-चार वर्षं गेली म्हणून दार बंद झालं असं समजू नका. खंड पडलेल्या स्त्री-संशोधकांसाठी केंद्राच्या खास योजना आहेत, आणि त्यांच्या जाहिराती सासरी बसूनही वाचता येतात.

ज्यांना स्वतःचं काही करायचंय त्यांनी पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनसीएलच्या, आवारात व्हेंचर सेंटर एकदा पाहून यावं. तिथे नव्या कंपन्यांना बाकं, उपकरणं आणि सल्ला मिळतो. जैवतंत्रज्ञान विभागाच्याच बायरॅक या संस्थेच्या बिग योजनेत चांगल्या कल्पनेला ५० लाखांपर्यंत मदत होते. आणि आयसर, आघारकर संशोधन संस्था, राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, सीरम इन्स्टिट्यूट हे सगळं पुण्यातच असल्याने एका ठिकाणी हात तयार झाला की दुसरीकडे विचारायला रिक्षाभाड्याशिवाय काही खर्च नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट. लॅबमध्ये जागा मागायला ई-मेल लिहाल तेव्हा "रिस्पेक्टेड सर" म्हणून वीस जणांना एकच मजकूर पाठवू नका. तो पहिल्या ओळीतच ओळखू येतो. त्या लॅबचा अलीकडचा एक शोधनिबंध वाचा, त्यातलं काय समजलं नाही ते दोन ओळींत लिहा, आणि तुम्हाला स्वतःला काय करता येतं ते सांगा: पीसीआर येतं, कल्चर येतं, थोडं पायथन येतं. मुलाखतीला बोलावलं तर गाइडला भेटून झाल्यावर कँटीनमध्ये त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांजवळ जाऊन बसा. आधीची मुलं किती वर्षांत सुटली आणि आता कुठे आहेत, एवढंच विचारा. चहा तुम्ही पाजा.