ज्वारी, तांदूळ आणि पाच लाखांचे कार्ड

बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतून आपण डॉक्टर या अधिवेशनासाठी खामगावात जमलो आहोत. आशाताई आणि आरोग्यमित्रही निमंत्रित म्हणून आले आहेत.

अध्यक्षाने आपल्या शाखेतले काही सांगावे असा आपल्याकडे प्रघात आहे. मी फिजिशियन. रक्तदाबावर किंवा मधुमेहावर तासभर बोलणे मला कठीण नव्हते. पण ओपीडीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न आजाराचा नसतोच. नाडी पाहून होते, चिठ्ठी लिहून होते आणि सोबत आलेला मुलगा हळूच विचारतो, ‘सायेब, हे कार्डात बसते काय?’ आज मी या प्रश्नाबद्दलच बोलणार आहे.

आपल्या कार्डाचा इतिहास फार जुना नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत शेजारचे अमरावती होते, बुलढाणा नव्हता. आपल्याकडे ती २१ नोव्हेंबर २०१३ला, राज्यभर लागू झाली तेव्हा आली. तेव्हा तिच्यात ९७१ उपचार होते आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. पुढे शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून जे चौदा जिल्हे निवडले गेले, त्यांत आपला जिल्हा होता, म्हणून इथल्या शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यालाही योजनेत जागा मिळाली. आपल्या दुःखाने मिळवून दिलेली ती सवलत होती, हे मी कधी विसरू शकलो नाही. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, नंतर आयुष्मान भारतशी तिची सांगड घातली गेली आणि जुलै २०२३च्या शासन निर्णयाने संरक्षण पाच लाखांवर, उपचार १,३५६वर गेले. शिधापत्रिकेच्या रंगाचा प्रश्नच मिटला. हे मोठे काम आहे. ज्या घरात बायपास म्हणजे दोन एकर विकणे असा हिशेब होता, त्या घरातला माणूस आज ऑपरेशन होऊन, योजनेतून मिळालेल्या परतीच्या एसटी भाड्यावर घरी जातो. या योजनेला नावे ठेवणाऱ्यांमध्ये मी नाही.

तरीही त्या मुलाला मी पुष्कळदा ‘नाही’ म्हणतो. कारण हे कार्ड भरती झालेल्या माणसाचे आहे. संग्रामपूर, जळगाव जामोदकडचा खारपाणपट्टा घ्या. मूत्रपिंडाच्या आजाराची तिथली तक्रार वर्षानुवर्षांची आहे आणि तिची कारणे पाण्यात किती, आणखी कशात किती, हा वाद संशोधकांनी सोडवावा. मी फक्त रुग्णाचा रस्ता सांगतो. चाळिशीतला शेतकरी. पायावर सूज, रक्तदाब चढलेला. त्याला रोज दोन गोळ्या आणि दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिनची तपासणी हवी. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या पुष्कळदा मिळतातही. पण साठा संपला की त्या मेडिकलवरून आणायच्या, तपासणीसाठी खामगाव नाहीतर अकोला गाठायचे, त्या दिवसाची मजुरी सोडायची. फवारणीच्या दिवसांत माणूस हे करत नाही. मग गोळ्या सुटतात. काही वर्षांनी तोच माणूस धाप लागून येतो, तेव्हा मूत्रपिंड गेलेले असते, आणि त्या क्षणी योजना त्याच्यासाठी उभी राहते: डायलिसिस कार्डात बसते! आठवड्यातून दोनदा, जन्मभर. मूत्रपिंड वाचवता येत होते, त्या सगळ्या वर्षांत तो कुठल्याच कार्डात बसत नव्हता.

देशाच्या हिशेबातही हेच दिसते. २०२१-२२च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून दिली. २०१३-१४ मध्ये हे प्रमाण ६४.२ टक्के होते. सुधारणा खरी आहे, पण सरकारचा आरोग्यखर्च २०२१-२२ मध्येही राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आतच, १.८४ टक्के होता.

इतर देशांनी काय केले, हे पाहताना आपण बहुधा श्रीमंत देशांकडे पाहतो आणि ‘त्यांचे वेगळे’ म्हणून सोडून देतो. जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कच्या काळात कामगारांचा आजारविमा आला: दोन भाग कामगाराचे, एक भाग मालकाचा. आज तिथे पगाराच्या १४.६ टक्के ही मूळ वर्गणी आहे आणि दोघे ती निम्मी-निम्मी भरतात. आपली कर्मचारी राज्य विमा योजना याच वाटेची, पण सोयाबीन-कपाशी पिकवणाऱ्याला मालक कुठून आणायचा? ब्रिटनने ५ जुलै १९४८ पासून करातून सर्वांना सेवा दिली. तिचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन वेल्समधल्या ट्रेडेगरच्या कोळसा खाणींतून आले होते आणि तिथल्या खाणकामगारांनी मजुरीतून काही पेन्स कापून देऊन आपले डॉक्टर व रुग्णालय आधीच उभे केले होते. अमेरिकेने १९६५ मध्ये वृद्ध आणि गरीब यांची सोय केली, बाकीच्यांना मालकाच्या आणि खासगी कंपनीच्या विम्यावर सोडले. अजूनही तिथे अडीच कोटींहून अधिक माणसे विम्याविना आहेत.

मला मात्र तीन शेतकरी मुलखांबद्दल जरा सविस्तर सांगायचे आहे.

जपानच्या फुकुओकाकडे, मुनाकाता भागातल्या गावांत एक जुनी रीत होती. प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे तांदूळ द्यायचा, त्यातून गावाने वैद्य ठेवायचा, आणि आजारी कोण पडले हे न पाहता सर्वांना उपचार मिळायचे. १९३८चा राष्ट्रीय आरोग्यविमा कायदा करताना सरकारने या गावांकडे पाहिले. १९६१ मध्ये प्रत्येक जपानी माणूस कुठल्या ना कुठल्या विम्यात आला. आज बहुतेकांना बिलाच्या तीस टक्के भरावे लागतात, पण महिन्याच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे. आणि आपल्या व्यवसायाने नीट ऐकावे अशी गोष्ट ही की देशभर एकच दरपत्रक चालते, दर दोन वर्षांनी ते बदलते, आणि ते ठरवणाऱ्या परिषदेत पैसे देणारे, उपचार करणारे आणि जनहिताचे प्रतिनिधी एकत्र बसतात.

कॅनडातले सस्कॅचेवान म्हणजे गव्हाचा प्रांत, थंडी आणि दुष्काळ दोन्ही भोगलेला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथल्या सार्निया या ग्रामीण पालिकेने करातून पगार देऊन डॉक्टर ठेवला, कारण पीक बुडाले की फी बुडे आणि डॉक्टर गाव सोडून जात. १९४६ मध्ये स्विफ्ट करंट या एका भागाने सगळ्या रहिवाशांचा पूर्ण वैद्यकीय विमा केला. टॉमी डग्लस यांच्या सरकारने १ जानेवारी १९४७ पासून प्रांतभर रुग्णालय विमा आणला. १ जुलै १९६२ला डॉक्टरांच्या सेवेचा विमा आला तेव्हा डॉक्टरच संपावर गेले. तेवीस दिवस तो संप चालला, मग तडजोड झाली, आणि दहा वर्षांत सगळा कॅनडा त्या वाटेने गेला. राजस्थानात २०२३ मध्ये आरोग्यहक्काच्या कायद्यावरून आपल्याच बांधवांनी केलेले आंदोलन आठवते. पैसे कोण आणि कधी देणार, ही डॉक्टरांची शंका रास्त असते. पण ती चर्चेच्या टेबलावर मांडायची की रुग्णालयाच्या बंद दारावर, हे आपल्या हातात असते, आणि मी टेबलाच्या बाजूचा आहे.

तिसरा थायलंड. २००२ साली त्याने तीस बाटमध्ये उपचार देणारी योजना आणली. पैसा करातून, आणि तो ऑपरेशनगणिक न देता मुख्यतः नोंदलेल्या डोईमागे जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेला. त्यात ओपीडी आली, गोळ्या आल्या, तपासण्या आल्या. योजनेमागचे डॉ. सांगुआन यांनी सीसाकेत प्रांतातल्या खेड्यात सरकारी डॉक्टर म्हणून काम केले होते. त्यांना खेड्यातला रुग्ण ठाऊक होता. शिवाय त्याआधीची वीस-तीस वर्षे त्या देशाने तालुक्यातालुक्यात रुग्णालये उभी केली होती. डायलिसिस आधी योजनेत नव्हते, २००८ मध्ये आले, तेही घरच्या घरी पोटातून करायच्या पद्धतीला अग्रक्रम देऊन. द्रवाच्या पिशव्या टपाल खाते रुग्णाच्या दारात नेऊन देई. संग्रामपूरच्या माणसाला आठवड्यातून दोनदा एसटीने फिरवणाऱ्या आपल्याला हे माहीत असायला हवे. आपल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमानेही २०१९ मध्ये पोटातल्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. जिल्ह्यात त्यांचा आग्रह आपणच धरायचा आहे.

आणि आता घरचे उदाहरण. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातून डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत ज्वारीचा विमा चालवला. सुगीला ज्वारी गोळा व्हायची. भूमिहीनाची थोडी, जमीनवाल्याची जमिनीप्रमाणे जास्त, आणि उपचार दोघांना सारखेच. गावातली बहुसंख्य, विशेषतः गरीब घरे सामील व्हायला हवीत अशी अट होती. अचानक आलेल्या आजाराला भरती मोफत. मोतीबिंदू, हर्निया, बाळंतपण अशा आधी ठाऊक असलेल्या कामाला थोडा वाटा. या ज्वारीतून रुग्णालय चालत नव्हते, ते मुख्यतः सरकारी अनुदानावर चालत होते. ज्वारीने साधले ते वेगळेच: गावाची आरोग्यसेविका उभी राहिली आणि गाव रुग्णालयाशी हक्काने बोलू लागले. आज आपल्या शेतांत ज्वारी राहिली नाही, सोयाबीन आले. पण ज्या बुलढाण्यात १९८६ साली निघालेल्या बुलडाणा अर्बन पतसंस्थेने देशभर नाव कमावले, त्या जिल्ह्याला एकत्र पैसा ठेवण्याची रीत परकी नाही.

मला या सगळ्यातून दिसते ते असे. सरकारने चालवावे की कंपनीने, या वादात आपण फार शक्ती घालवली. पैसा आजाराच्या आधी, सर्वांकडून, ऐपतीप्रमाणे गोळा होतो का, आणि तो रोग्याच्या पहिल्या चिठ्ठीपाशी पोचतो का, एवढे विचारले तरी योजनेची पारख होते. आपली योजना पहिल्या परीक्षेत बरीचशी उतरते, कारण तिचा पैसा करातून येतो. दुसरीत ती अडते.

म्हणून या अधिवेशनापुढे मी एक ठराव ठेवतो आहे. रक्तदाब, मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजाराची ओपीडी, औषधे आणि तपासण्या योजनेत याव्यात, आणि त्यासाठीचा निधी डोईमागे तालुक्याला मिळावा. सुरुवात खारपाणपट्ट्यातल्या तालुक्यांपासून व्हावी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने घरच्या डायलिसिसचे प्रशिक्षण हाती घ्यावे. पॅकेजचे दर ठराविक मुदतीने बदलावेत आणि ते ठरवताना जिल्ह्यातल्या लहान रुग्णालयाचा डॉक्टर आणि रुग्णांचा प्रतिनिधी समोर असावा, कारण आजचे काही दर खरोखरच परवडत नाहीत आणि क्लेम अडकला की दहा खाटांच्या रुग्णालयाचे पगार थांबतात. हे मी सरकारला ठणकावून सांगेन. पण त्याच ठरावात आपल्यावरचे एक कलम आहे: कार्डावर घेतलेल्या रुग्णाकडून वरचा एक रुपयाही घ्यायचा नाही, पावतीवर नाही आणि पावतीशिवायही नाही. हे कलम काढून ठराव मंजूर करावा अशी सूचना काल काही मित्रांनी केली. मी ती मान्य केलेली नाही.

मसुदा आपल्या फायलीत आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा होईल. पहिल्यांदा संग्रामपूरच्या आशाताई बोलतील, मग आरोग्यमित्र, आणि त्यानंतर आपण डॉक्टर.