राजसभा, भजन आणि भावगीत : धार-देवासचे साहित्यप्रवाह

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यान)



साहित्याच्या इतिहासात कालखंडांना नावे देण्याची प्रथा आहे. स्पॅनिश साहित्याचा अभ्यासक मध्ययुग, प्रबोधनकाळ, सुवर्णयुग, स्वच्छंदतावाद अशी मालिका सांगतो. मराठीचा अभ्यासक संतकाव्य, पंडिती काव्य, शाहिरी आणि अर्वाचीन कविता अशी. ही नावे सोयीची खरी. परंतु प्रवाह कोठे आणि कशाने वळतो, हे त्यांवरून उमगत नाही. त्यासाठी एखादे गाव धरून बसावे लागते. धार आणि देवास ही त्या दृष्टीने भाग्यवान गावे होत.

अकराव्या शतकात धारानगरीत राज्य करणाऱ्या भोजाने 'शृंगारप्रकाशा'त सर्व रसांचे मूळ एकाच शृंगारात शोधले. त्याची विद्वत्ता संस्कृत होती. तथापि 'सरस्वतीकंठाभरणा'त तो उदाहरणांसाठी वारंवार वळतो तो 'गाथासप्तशती'च्या महाराष्ट्री प्राकृत गाथांकडे. गोदातीरीच्या शेतकरी स्त्रीपुरुषांचे बोल अशा रीतीने माळव्याच्या राजसभेत प्रमाण ठरले. धारचाच मानला जाणारा 'राउळवेल' हा शिलांकित काव्यग्रंथ मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. त्यात निरनिराळ्या प्रांतांतील स्त्रियांची वर्णने त्या त्या प्रांताच्या बोलीच्या वळणाने केलेली असून, एका भागात अभ्यासकांना प्राचीन मराठीची छटा दिसते. संस्कृताच्या सिंहासनाशेजारी देशी भाषा येऊन उभ्या राहिल्याचा हा पुरावा आहे.

असेच वळण स्पेनमध्येही दिसते. तेथील अरबी व हिब्रू गीतांच्या अखेरीस लोकभाषेतील ओळी येत. पुढे दहाव्या आल्फोन्सोने राज्यावर येण्यापूर्वीच, १२५१ च्या सुमारास, 'कलिला आणि दिम्ना' अरबीतून कॅस्टिलियन भाषेत आणविले. हे पुस्तक म्हणजे आपल्या पंचतंत्राचेच प्रवासी रूप. त्या भाषेचे गद्य ज्या अनुवादांवर पोसले गेले, त्यांत भारतीय कथेचाही वाटा आहे.

अठराव्या शतकात पवारांबरोबर मराठी या भूमीत आली ती दरबाराची भाषा म्हणून. पण रुजली ती भजन-कीर्तनाने. स्पेनच्या सुवर्णयुगात संत तेरेसा आणि संत हुआन यांनी ईश्वरभेटीची तळमळ जशी देशी भाषेत आणली, तशी ती वारकरी संतांनी मराठीत आणली होती. तिची खूण एका इंग्रजी कादंबरीत उमटली आहे. देवास थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये येथे होते. राजवाड्यातील गोकुळाष्टमी त्यांनी पाहिली. १९२४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया'च्या अखेरच्या भागात कृष्णजन्माच्या सोहळ्यात तुकारामांचे नाव घुमते, ते या देवासमुळे.

अर्वाचीन कवितेचे वळणही येथूनच गेले. भास्कर रामचंद्र तांबे यांचे काही शिक्षण देवासला झाले आणि येथील युवराजांचे शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. पुण्या-मुंबईपासून दूर, हिंदी आणि हिंदुस्थानी संगीताच्या सहवासात त्यांची कविता घडली. मराठी कविता वाचनाकडे झुकत असता त्यांनी तिला पुन्हा गाणे दिले. १९३५ मध्ये त्यांची समग्र कविता संपादिली ती रविकिरण मंडळाच्या माधव जूलियनांनी, आणि गोव्याच्या बा. भ. बोरकरांनी त्यांना गुरुस्थानी मानले. कडेला उगवलेला झरा असा मुख्य प्रवाहाला मिळाला.

१९४८ मध्ये कुमार गंधर्व उपचारासाठी देवासला आले आणि १९९२ मध्ये निधन होईपर्यंत देवासचेच राहिले. बेळगावाजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या या कानडी माणसाने माळवी लोकधुनांतून राग शोधले, नाथपंथी गायकांकडून कबीराची निर्गुणी भजने उचलली आणि तांबे यांच्या गीतांचा स्वतंत्र कार्यक्रमही सिद्ध केला. राजसभा, भजन आणि भावगीत हे तिन्ही प्रवाह त्यांच्या गळ्यात एकत्र आले.

या साऱ्यातून एक गोष्ट निष्पन्न होते. प्रतिष्ठित भाषेने शेजारच्या बोलीकडे कान दिला, तेव्हा तेव्हा येथे नवे काही निर्माण झाले. आज या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. १९४८ मध्ये संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेश अस्तित्वात आला आणि मराठीचा राजाश्रय संपला. घरातली मराठी आणि बाहेरची हिंदी यांच्यामध्ये वाढणाऱ्या मुलाला मराठी पुस्तक परके वाटू लागले, तर त्याला दोष देता येणार नाही. त्याची भाषा 'अशुद्ध' म्हणून हिणविणे सोपे आहे. पण त्याच मिश्र हवेत तांबे यांची कविता वाढली, हे विसरता कामा नये.

म्हणून अशा ग्रंथालयाचे कर्तव्य दुहेरी आहे. जुने ग्रंथ आणि घराघरांतील हस्तलिखिते, भजनांच्या वह्या, पत्रे जतन करावीत, हे एक. आणि हिंदी-माळवी शेजाराला कपाटाबाहेर न ठेवता त्याच्यासाठी जागा करावी, हे दुसरे. राजाश्रय गेला तेथे लोकाश्रय उभा राहतो तो सभासदांच्या वर्गणीतून आणि वाचकांच्या निष्ठेतून. शंभर वर्षे तो टिकला. पुढील शतकात तो नव्या वाचकाच्या हाती सुखरूप जावो, ही सरस्वतीचरणी प्रार्थना.