आधी सेवा, मग शाखा
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा आपण आम्हांस केलीत, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. आम्ही कोणी पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि पुढे शिक्षकाची सनद, एवढ्या शिदोरीवर खेड्यापाड्यांतील मुलांना अक्षरे गिरवावयास लावण्यात आमचा जन्म गेला. तेव्हा आमचे बोलणे शाळामास्तराचेच असणार. एकच पाढा पुन्हा पुन्हा म्हणवून घेण्याची आमची खोड आपण पोटात घालाल, अशी आशा आहे.

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत एक महत्त्वाचा ठराव आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील १५ आणि गडचिरोली जिल्ह्यातील १२, अशा २७ तालुक्यांत येत्या वर्षभरात आपल्या समाजाची सेवाशाखा स्थापन करावी, असा त्याचा आशय. ठराव मांडणाऱ्या तरुणांचे आम्ही मनापासून अभिनंदन करितो. ठरावाचा हेतू आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. परंतु त्यातील क्रमाविषयी आम्हांस शंका आहे, आणि ती शंका पुस्तकातून आलेली नसून आमच्या स्वतःच्या अपयशातून आलेली आहे.

आपणांपैकी वडीलधाऱ्यांना स्मरत असेल, १९९४ पासून तीन वर्षे समाजाच्या संघटनाचे काम आमच्याकडे होते. शाळा सुटली की सायकल, आणि सुटीच्या दिवशी एस.टी., असे हिंडून आम्ही ११ शाखा उघडल्या. प्रत्येक ठिकाणी नारळ फुटला, फलक लागला, अध्यक्षांपासून सहचिटणीसापर्यंत नावांची यादी झाली. वार्षिक अहवालात ती यादी छापून आली तेव्हा आमची छाती फुगली होती. पाच वर्षांनी पाहावे तो ११ पैकी ९ शाखांचे फलक तेवढे उरले होते. एका गावी तर तो फलक गोठ्याच्या दारास आडोसा म्हणून लावलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला.

प्रथम आम्ही लोकांस दोष दिला. लोक उदासीन आहेत, कोणी येत नाही, असे म्हणत राहिलो. वस्तुतः दोष आमचा होता. धानाची रोवणी ऐन भरात असताना आम्ही सभा बोलावीत होतो. मोहफुले वेचण्याच्या आणि तेंदूपाने तोडण्याच्या दिवसांत घरात कोणी नसते, हे ठाऊक असून वर्गणीसाठी दारी जात होतो. नोंदवही आमच्या पिशवीत, वाचनालयाच्या कपाटाची किल्ली आमच्या जानव्याला नव्हे, पण करदोट्याला! आम्ही गावात गेलो की शाखा जागी होई, आम्ही परतलो की झोपी जाई. ती शाखा गावाची नव्हतीच. ती आमची होती.

बरे, संघटना करणे आपल्या झाडीपट्टीच्या माणसाला जमत नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. दिवाळीनंतर मंडई भरते, तेव्हा लहानसे गावसुद्धा रात्रभराचे नाटक उभे करिते. मंडप, तिकिटे, पाव्हण्यांचे जेवण, सारे गावकरी वाटून घेतात. त्यासाठी तालुक्याहून कोणी संघटक यावा लागत नाही. काम स्वतःचे वाटले की माणसे जमतात, हा साधा धडा आमच्या डोळ्यांपुढे दरवर्षी होता, आणि आम्ही तो वाचला नाही.

मग या भूमीत टिकलेले असे काही आहे काय, याचा आम्ही शोध घेऊ लागलो. तो शोध आम्हांस आमच्या बालपणापाशीच घेऊन गेला. आमचे वडील नित्य सायंकाळी श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेस जात, आणि आम्ही त्यांचे बोट धरून जात असू. एक कंदील, खाली अंथरलेली ताटपट्टी, ओळीने बसलेली माणसे आणि काही वेळाची निःशब्द शांतता. ओळीत कोण कोणाशेजारी बसला हे विचारण्याची तेथे रीत नव्हती. १९६८ च्या ऑक्टोबरात वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे देहावसान झाले, तेव्हा आम्ही तिसरीत होतो. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मात्र कंदील घेऊन नेहमीच्या वेळी ते प्रार्थनेला निघाले. मंडळाचे प्राणस्थान गेले होते, पण मंडळाची वेळ चुकली नव्हती. ही गोष्ट त्या वयात आम्हांस कळली नाही. आज कळते.

महाराजांचा जन्म १९०९ मधला, अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. १९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापिला. परंतु त्यांच्या जीवनाचा मोठा भाग आपल्या या अरण्यप्रदेशाशी जोडलेला आहे. चिमूर तालुक्यातील गोंदेडा ही त्यांची तपोभूमी. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरने जे स्वातंत्र्याचे रण माजविले, त्यामागे त्यांच्या खंजिरीचा नाद होता हे सर्वविदित आहे. त्याच महिन्यात त्यांना चांद्यास अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. सुटून आल्यावर त्यांनी मोठा पक्ष काढला नाही किंवा अधिकारपद मागितले नाही. खेड्याखेड्यांतून सेवामंडळे वाढविली. रोज प्रार्थना, पहाटे ग्रामसफाई, व्यसनांपासून लोकांना परावृत्त करणे, एवढी साधी कामे.

या साधेपणातच वाढीचे मर्म आहे. ज्या कामाला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही, मोठा वक्ता लागत नाही, ते काम कोणत्याही गावी, कोणत्याही दिवशी सुरू होऊ शकते. झाडू घरात असतोच. प्रार्थनेची वेळ ठरलेली असते, म्हणून निमंत्रणपत्रिका छापाव्या लागत नाहीत. मोझरीहून कोणी आला तरी प्रार्थना होते, न आला तरी होते. आजही महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी अफाट जनसमुदाय मौन धरून श्रद्धांजली वाहतो. ज्यांनी महाराजांना कधी पाहिले नाही अशांची संख्याच त्यात आता अधिक. माणूस गेला तरी वेळ पाळली जाते, ही कोणत्याही संघटनेची अखेरची परीक्षा होय.

१९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामगीते’चे ४१ अध्याय आहेत. त्यांतील चार अध्यायांची केवळ नावे आपण क्रमाने ऐकावीत, अशी आमची विनंती आहे. सातवा आचारप्राबल्य, आठवा प्रचारमहिमा, नववा सेवासामर्थ्य आणि दहावा संघटनशक्ती. आधी स्वतःचे आचरण, मग प्रचार, मग सेवा आणि सर्वांत शेवटी संघटना! आम्ही १९९४ साली पुस्तक उलट्या बाजूने उघडले. प्रथम संघटना बांधली, मग तिला सेवा शोधू लागलो. आचरणाचा अध्याय तर आमच्या वाचण्यातच आला नाही. आजचा ठरावही, क्षमा असावी, दहाव्या अध्यायापासून आरंभ करितो.

कोणी म्हणेल, ही संतांची गोष्ट झाली; आपण प्रापंचिक माणसे. तर मग प्रापंचिकांचे उदाहरण घेऊ. १९०५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन स्नेह्यांसह एक मंडळ काढले. पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बैठक भरे, म्हणून नाव पडले रोटरी. आज जगभर त्याच्या शाखा आहेत. तेथील एक नियम ध्यानात घेण्याजोगा आहे: शाखेचा अध्यक्ष एका वर्षापुरता असतो. कितीही कर्तबगार असला तरी वर्ष संपले की तो खुर्ची सोडतो आणि दुसऱ्यास तयार करितो. आपल्याकडे अध्यक्ष खुर्ची सोडतो तो बहुधा चौघांच्या खांद्यावर! हसू नका, आम्हीही तीन वर्षांत एकही दुसरा संघटक तयार केला नव्हता.

आता आपल्याच जिल्ह्याकडे या. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तान्ही बालके दगावत होती आणि इस्पितळे दूर होती. त्यांनी ३९ गावांत त्या त्या गावच्याच स्त्रियांना नवजात बालकाची काळजी घ्यावयास शिकविले. वजन करणे, ऊब देणे, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि त्यांवर उपचार करणे ही विद्या डॉक्टरांनी आपल्याजवळ कुलूपबंद ठेविली नाही, ती बायांच्या हाती दिली. नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला, आणि पुढे तीच रीत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. ३९ गावांचे काम देशाचे झाले, ते शाखा उघडून नव्हे, विद्या वाटून.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड बांधवांचे गाव आपणांस ठाऊक आहे. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलणे चालते, आणि बोलण्याआधी अभ्यासगटात विषयाचा अभ्यास होतो. २००९ मध्ये त्या गावास आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी तर पुढे एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली, आणि तीत स्त्रिया व पुरुष दोघांचेही प्रतिनिधी घेतले. येथेही क्रम पाहा. आधी गाव आपल्या पायावर उभे राहिले, मग गावांचे जाळे विणले गेले. वरून जाळे टाकले तर मासे सापडतात, माणसे जमत नाहीत.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगावयास जीभ जड होते. आमच्या ११ शाखांपैकी ज्या दोन जगल्या, त्यांतील एकीत तरुणांनी रक्तदात्यांची यादी केली होती. आपल्या भागात सिकलसेलच्या रुग्णांना वरचेवर रक्त लागते, बाळंतिणींना लागते. ती यादी समाजबांधवांपुरती असावी, असा नियम आम्हीच आमच्या हस्ताक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता. एका पावसाळी रात्री त्या गावी आमचा मुक्काम असताना दारावर थाप पडली. दुसऱ्या समाजाचा एक गृहस्थ भिजलेला उभा होता. त्याची सून बाळंतपणात अडली होती, जिल्ह्याच्या ठिकाणी नेले होते, रक्त हवे होते. आम्ही वही हाती घेऊन उभे राहिलो. नियमाचा विचार करीत होतो, बंधूंनो! दाराशी माणूस भिजत होता आणि आम्ही पहिले पान वाचीत होतो. तेवढ्यात शाखेची तीन पोरे आमच्या मागून निघाली, गुरुजींना न विचारता जीपमध्ये बसली आणि गेली. माय आणि लेकरू दोघेही वाचली.

सकाळी पोरे परत आली. आम्हांस वाटले, आता ती आम्हांस काही बोलतील. ती बोलली नाहीत. एकाने वही मागितली, पहिल्या पानावरील ती ओळ खोडली आणि वही पुन्हा आमच्या हाती दिली. आयुष्यभर आम्ही पोरांच्या वह्या तपासल्या. त्या दिवशी पोराने आमची वही तपासली. आज ती शाखा जिवंत आहे. तिच्या दर गुरुवारच्या वाचनाला आणि सफाईला सगळे गाव येते, आणि फलक मात्र कुठे गेला कोणास ठाऊक नाही.

आपल्या संस्थेचा जन्म समाजाच्या उन्नतीसाठी झाला, हे आम्ही विसरलो नाही. गरीब विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती द्यावी, उपवर मुलामुलींची माहिती ठेवावी, वाईट चाली मोडाव्यात, ही कामे आपलीच आहेत आणि ती आपणच केली पाहिजेत. परंतु सेवा ही वस्तू निराळी आहे. भाऊबंदांपुरते केले ते कर्तव्य होय. सेवा त्याच्या पलीकडे सुरू होते. विहीर आपल्या वाडग्यात खणावी, पण दोर आणि बादली वाटसरूलाही द्यावी. शिवाय खेड्यात आपली घरे किती? कोठे दहा, कोठे चार. दहा घरांची शाखा दोन वर्षांत थकते. सगळे गाव ज्या कामात येते ते काम थकत नाही.

म्हणून आमची ठरावास नम्र उपसूचना आहे. २७ शाखांचा आकडा काढून टाकावा. जेथे तीन माणसे एखादे ठराविक काम ठराविक दिवशी वर्षभर न चुकता करतील, तेथेच वर्षाअखेर शाखा मानावी. काम त्यांनीच निवडावे, आणि ते शेतीच्या हंगामाशी जुळते असावे. कोणीही पदाधिकारी दोन वर्षांहून अधिक काळ पदावर नसावा, आणि उतरण्यापूर्वी त्याने आपल्या जागी एक माणूस तयार केलेला असावा. त्यात भगिनींना अर्धा वाटा असावा. जमाखर्च दरमहा सर्वांदेखत मोठ्याने वाचावा. आणि सेवेच्या वहीत नाव, गाव, रक्तगट लिहावा. जातीचा रकाना आखूच नये.

यंदा कदाचित २७ ऐवजी ३ शाखांचीच नावे अहवालात छापून येतील. आलेल्या पाव्हण्यांना तो अहवाल किरकोळ वाटेल. वाटू द्या. धानाची लोंबी भरली म्हणजे आपोआप वाकते, आणि ताठ उभी असते ती पोचट असते, हे आपणां धानउत्पादकांना कोणी सांगावयास नको.

आमचे वय झाले. सायकल आता चालवत नाही. परंतु आमच्या गावी दर गुरुवारी सायंकाळी सहा वाजता आम्ही शाळेच्या ओट्यावर मुलांना वाचून दाखवितो. कधी वीस मुले असतात, पेरणीच्या दिवसांत दोनच. किल्ली आता आमच्याजवळ नाही; ती सातवीतल्या एका मुलीकडे आहे. गेल्या महिन्यात आम्ही तापाने अंथरुणावर होतो. सहा वाजले तेव्हा ओट्यावरून तिच्या वाचनाचा आवाज घरापर्यंत ऐकू आला. ज्या संघटकाला असा आवाज अंथरुणावरून ऐकावयास मिळाला, त्याला आणखी कोणता सत्कार हवा?

 उपसूचनेवर विचार करावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.