उसनी गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या दापोलीत उसनवारीची कुणाला लाज वाटत नाही, आणि वाटूही नये. वाटीभर साखर, चहाची पूड, अडीअडचणीला गॅसचा सिलिंडरसुद्धा एका घरातून दुसऱ्या घरात जातो. विरजण तर कुणी परत मागतही नाही. हा शेजारधर्म टिकून आहे म्हणून आपले मंडळही टिकून आहे. परंतु औषधाच्या दुकानात बसून बसून माझ्या ध्यानात एक गोष्ट आली आहे. साखरेच्या वाटीबरोबर गोळ्याही उसन्या जाऊ लागल्या आहेत. "आमच्या ह्यांच्या तापातल्या चार उरल्यात, घेऊन बघ हो!" असे म्हणून कागदाच्या पुडीत गोळ्या जातात. त्यांत प्रतिजैविक, म्हणजे आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो ते असले, तर ती उसनवारी फार महागात पडते. आज मी एवढ्याच विषयावर बोलणार आहे.

प्रतिजैविक हे बॅक्टेरिया या जातीच्या जंतूंना मारते किंवा त्यांची वाढ रोखते. सर्दी, पडसे, फ्लू हे आजार विषाणूंमुळे होतात. त्यांच्यावर ते काडीचेही काम करीत नाही. पडशाला गोळी घेतली आणि पाचव्या दिवशी बरे वाटले, तर ते पाचव्या दिवशी एरवीही वाटले असते. यश मात्र गोळीच्या पदरात पडते.

हे औषध मुळात बुरशीतून आले. पावसाळ्यात आपल्याकडे चपला, पट्टे, ट्रंकेतली पुस्तके, कशाकशावर बुरशी चढत नाही? लंडनच्या एका इस्पितळात १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत अशीच बुरशी आली आणि तिच्याभोवतीचे जंतू मेलेले दिसले. त्यातून पुढे पेनिसिलिन निघाले. (म्हणून बुरशी आलेले लोणचे कुणी औषध समजून खाऊ नये. त्या बुरशीचे गोत्र निराळे!)

ते औषध आरंभी किती दुर्मिळ होते, ते पाहा. फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान राजवाड्यात कस्तुरबा अखेरच्या दुखण्यात होत्या. फुप्फुसांना सूज आली होती. धाकटे चिरंजीव देवदास यांच्या खटपटीने पेनिसिलिन विमानाने आणविले गेले. पण ते काही तासांच्या अंतराने पुनःपुन्हा टोचावे लागणार होते. हे कळल्यावर, अशा अवस्थेत त्यांना तो त्रास देऊ नये, असे गांधीजींनी सांगितले. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. तेव्हा जे विमानाने आणावे लागले, ते पुढे आपल्याच पिंपरीला होऊ लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला आणि १९५५ पासून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. आज तेच औषध दहा-दहाच्या पट्टीत मिळते. स्वस्त झाले म्हणून त्याची किंमत आपल्या मनातूनही उतरली की काय, असे मला कधीकधी वाटते.

फ्लेमिंग यांना १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणात त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणून थोडेसे घेतो. जंतू मरायला ते अपुरे पडते, पण जंतूंना त्याची सवय व्हायला पुरते. मग तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध लागू पडत नाही आणि ती मरते. या मरणाला जबाबदार कोण, असा प्रश्न त्यांनी सभेला विचारला. गोळी खाल्ली नवऱ्याने आणि जीव गेला बायकोचा! हे ऐकून आपण बायकांनी तरी कान टवकारले पाहिजेत.

जंतूंना सवय होते म्हणजे काय, हे आपणांस सांगायला प्रयोगशाळा नको. आपण रोज रात्री तेच करतो. चमचाभर विरजणाने सकाळपर्यंत पातेलेभर दही लागते, इतकी त्या जंतूंची वाढ झपाट्याची. रोगाचे जंतूही तसेच वाढतात. कोट्यवधींत चार-दोन असे असतात की त्यांना औषध तितकेसे बाधत नाही. औषधाने बाकीचे मेले की या चिवटांना मैदान मोकळे मिळते आणि पुढचे सगळे पातेले त्यांच्याच विरजणाचे लागते. आणखी मौज म्हणजे जंतूही शेजारधर्म पाळतात! औषधाला दाद न देण्याचा गुण ते एकमेकांना, अगदी परजातीच्या जंतूलाही, देऊन टाकतात. म्हणून प्रतिजैविकाचा प्रत्येक वापर तोलून-मापून हवा आणि विनाकारण तर नकोच. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आता आपल्याकडची गोष्ट. नावगाव सांगत नाही. लावणीच्या दिवसांत एका बाईला सडकून ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले. शेजारणीने मायेने चार गोळ्या दिल्या. जुलाबावर आणलेल्यांतल्या त्या उरल्या होत्या. ती गोळी आतड्यात आणि लघवीच्या मार्गात काम करते, रक्तात पुरेशी उतरतच नाही. बरोबरच्या तापाच्या गोळीने अंग तेवढे निवायचे, त्यामुळे गुण येतो आहे असे वाटले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली तेव्हा धावाधाव झाली. रक्त तपासल्यावर लेप्टो निघाला. बाई वाचली, पण मूत्रपिंडावर ताण येऊन लावणीचा सगळा हंगाम तिने खाटेवर काढला. शेजारीण बिचारी अजून मान वर करून बोलत नाही. तिचा हेतू का वाईट होता?

लेप्टोचे जंतू उंदरांच्या व गुरांच्या मुतातून चिखलात, साचल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. २००५ च्या महापुरानंतर मुंबईतही त्याने माणसे दगावली. लवकर ओळखला तर तो साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. त्यासाठी पुष्कळदा डॉक्सीसायक्लिन देतात. म्हणून लावणीच्या दिवसांत ताप आला, तर आपण चिखलात काम केले आहे हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

त्या डॉक्सीसायक्लिनचेच पाहा. गोळी एक, पण तिची पथ्ये किती! ती पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नये, नाही तर अन्ननलिकेला जखम होते. आपल्यापैकी पुष्कळजणी रक्तवाढीसाठी लोहाच्या गोळ्या घेतात. ती लोहाची गोळी नि ही गोळी एकत्र घेतली, तर औषध अंगी लागत नाही. दोहोंत काही तासांचे अंतर हवे. किती, ते विचारून घ्यावे. उन्हाने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. गरोदर बाईला आणि लहान मुलाला ती सहसा देत नाहीत, त्यांना दुसरे औषध असते. उसन्या पुडीवर यातले काही लिहिलेले असते का?

पेनिसिलिनच्या कुळातली औषधे काहींना मुळीच सोसत नाहीत. गोळी घेतल्यावर अंगावर पित्त उठले, ओठ सुजले, श्वास लागला, तर तत्काळ दवाखाना गाठावा. आणि पूर्वी कधी असे झाले असेल, तर त्या औषधाचे नाव घरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावे व प्रत्येक डॉक्टरांना सांगावे.

आणखी एक, जे आपण चारचौघींत बोलत नाही. लघवीची जळजळ. संकोचापायी कितीतरी बायका मागच्या वेळची चिठ्ठी पुढे करतात. भगिनींनो, शक्य तर पहिल्या गोळीच्या आधी लघवी तपासायला द्यावी. जंतू वाढवून, त्याला कोणते औषध चालते हे पाहायला दोन-तीन दिवस लागतात, पण मग नेमके औषध मिळते. आधीच गोळ्या खाल्ल्या की तपासणी फसते. क्षयाच्या औषधांतल्या रिफँपिसिनने लघवी केशरी होते, तिला भिऊन औषध सोडू नये. मात्र त्याने संततिनियमनाच्या गोळीचा भरवसा राहत नाही, हे आपल्या सुनांना, लेकींना जरूर सांगावे.

औषध किती दिवस घ्यायचे? कधी तीन, कधी सात, क्षयाला सहसा सहा महिने किंवा अधिक. बऱ्याच आजारांत पूर्वीपेक्षा थोडे दिवसही पुरतात असे आता दिसून आले आहे. पण ते ठरविणे डॉक्टरांचे काम. बरे वाटले म्हणून आपणच थांबायचे नाही आणि हुरहुर वाटते म्हणून लांबवायचेही नाही. पोट बिघडले, गोळी सोसवली नाही, तर जाऊन विचारावे. पुष्कळदा कारण निष्काळजीपणा नसून पैसा असतो, हे मला गल्ल्यावर बसून ठाऊक आहे. अशा वेळी "पाचच्या ऐवजी दोनच द्या" म्हणण्यापेक्षा डॉक्टरांना स्वस्त औषध लिहायला सांगावे, सरकारी दवाखाना किंवा जनऔषधी केंद्र पाहावे. त्यात कमीपणा नाही.

माझ्याकडे काही काकू येतात. "अगो, दे की त्या लाल-पिवळ्या दोन कॅप्सुली, एवढी कसली शिष्ट झालीस?" मी म्हणते, "काकू, चिठ्ठी आणा, दोन काय दहा देते." पट्टीवर लाल रेघ असली की ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यायचे नाही, हे सांगायला सरकारने २०१६ साली मोहीम काढली. त्याआधी १ मार्च २०१४ पासून काही जोरकस प्रतिजैविकांसाठी वेगळी वही ठेवण्याचा नियम आला. तीत डॉक्टरांचे, रोग्याचे आणि औषधाचे नाव व संख्या लिहायची आणि ती तीन वर्षे जपायची. तेव्हा माझा नकार हा शिष्टपणा नव्हे. आणि चिठ्ठीही ज्या माणसाची, ज्या आजाराची, त्याच वेळेपुरती. ती रेशनकार्डासारखी घरभर चालत नाही.

प्रत्येक घरी एक डबा असतोच, बहुधा बिस्किटांचा, आणि त्यात अर्ध्या पट्ट्या, न वाचता येणाऱ्या पुड्या, नातवाच्या पातळ औषधाची तळाशी राहिलेली बाटली. त्या पाण्यात कालवायच्या औषधाची मुदत कालवल्यावर मोजक्या दिवसांचीच असते, हेही जाता जाता सांगते. दुपारी दोन ते चार माझ्या दुकानात वर्दळ नसते. डबा घेऊन या. ठेवायचे काय आणि टाकायचे काय, ते दोघी बसून निवडू.