भीड चेपताना



मी मूळची मुखदुर्बळ. आषाढीला घरी उतरणाऱ्या वारकऱ्यांना वाढायला मी पुढे; पण चारचौघींत दोन शब्द बोलायचे म्हटले, की घशाला कोरड पडते. म्हणून गौरी शिंदे यांचा २०१२ सालचा 'इंग्लिश विंग्लिश' हा चित्रपट मला माझाच वाटला. श्रीदेवींनी रंगवलेली शशी गोडबोले पुण्याची, लाडू करण्यात तिचा हातखंडा; पण इंग्रजी येत नाही म्हणून घरचेच तिला हसतात. न्यूयॉर्कला ती गुपचूप चार आठवड्यांच्या वर्गाला जाते आणि भाचीच्या लग्नात, अडखळत का होईना, उभी राहून बोलते.

मला तर मराठी येते, तरी मी गप्प! तेव्हा उमगले, की भीती भाषेची नसते, हसण्याची असते. आणि ते हसणे बहुधा घरातूनच सुरू होते. परतताना विमानात शशी हिंदी वर्तमानपत्रच मागते. तिला हवा होता तो मान.

दळण-कांडण करता करता अभंग रचणाऱ्या जनाबाईंच्या या पंढरीत बाईने बोलायला का लाजावे? भगिनींनो, मंडळात एखादी अडखळली, तर हसू नका, क्षणभर थांबा. आज माझ्यासाठी थांबलात, तशाच.